फुगा फुगवताना रोहिणी फाटली तर?

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या पतीची अँजिओप्लास्टी ठरली आहे. वय ६२, मधुमेह आहे, चढ चढताना छातीत दुखते. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, पैशांची जुळवाजुळवही झाली. मात्र रुग्णालयाने दिलेले संमतिपत्र मुलाने घरी वाचून दाखवले आणि त्यातील एका ओळीने सर्वांची झोप उडाली. उपचार चालू असताना हृदयाची रक्तवाहिनी फाटू शकते, अशा अर्थाची ती ओळ होती. भगिनी विचारतात, "डॉक्टर, दुरुस्त करायला जायचे आणि फाडून घ्यायचे, हे कसे? सही करावी की नको?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अशा वेळी पुष्कळदा "ती नुसती फॉर्मॅलिटी असते, करा सही" असे सांगून वेळ मारून नेली जाते. मला हे उत्तर मान्य नाही. ती ओळ खरी आहे. हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना माझ्या स्वतःच्या हातून रोहिणी फाटलेली आहे. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. तो कळला तर भीती कमी होईल आणि सावधपणा वाढेल. रुग्णाला या दोन्हींचा उपयोग आहे.

नळी, तार आणि फुगा

शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात. हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. त्यांना करोनरी रोहिण्या म्हणतात. मोठ्या फांदीची जाडी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे साधारण उदबत्तीच्या काडीएवढी. टोकाकडे त्या केसासारख्या बारीक होतात.

अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या रोहिणीच्या तोंडापर्यंत नेतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर दिसणारे 'डाय' नावाचे औषध सोडून चित्र घेतात. या तपासणीत नळी रोहिणीच्या तोंडाशीच थांबते. त्यामुळे नुसत्या अँजिओग्राफीत रोहिणी फाटणे अत्यंत विरळ.

अँजिओप्लास्टीत मात्र रोहिणीच्या आत शिरावे लागते. आधी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची तार अडथळ्यापलीकडे नेतात. तिच्यावरून लांबट फुगा सरकवतात आणि अडथळ्याच्या जागी फुगवतात. मग तेथे जाळीदार धातूची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब साधारण दोन वातावरणांइतका असतो. या इवल्या फुग्यात आठपासून वीस वातावरणांपर्यंत दाब द्यावा लागतो. अडथळा चुन्यासारखा कठीण झालेला असेल तर त्याहूनही अधिक.

आंद्रेआस ग्रुन्ट्सिग या डॉक्टरांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे जागृत रुग्णाच्या हृदयरोहिणीत असा फुगा पहिल्यांदा फुगवला. तेव्हापासून एक गोष्ट ठाऊक आहे. फुगा रोहिणी रुंद करतो, तो तिच्या आतील अस्तराला चिरा पाडूनच. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. आतल्या थरातील चीर हा उपचाराचाच भाग आहे. ती चीर तिन्ही थर ओलांडून बाहेर गेली, तर रोहिणी फाटली असे म्हणतात. उपचार आणि अपघात यांत अंतर आहे ते भिंतीच्या उरलेल्या जाडीएवढे.

कोणाला धोका अधिक?

१९९४ साली अमेरिकेतील डॉ. एलिस व सहकाऱ्यांनी सुमारे तेरा हजार प्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत हजारामागे पाच जणांची रोहिणी फाटली होती. आजही हे प्रमाण सर्वसाधारणपणे त्याच आसपास आहे. हजारातील ९९५ जणांना हा प्रसंग येत नाही, हे भगिनींनी आधी लक्षात घ्यावे.

सगळ्यांचा धोका मात्र सारखा नसतो. वय अधिक असेल, रुग्ण स्त्री असेल, रोहिणीत कॅल्शियम साचून ती कडक झाली असेल, ती नागमोडी असेल, किंवा पूर्ण बंद पडून महिने लोटले असतील, तर धोका वाढतो. कठीण अडथळा घासून काढण्यासाठी हिरेकणांचे फिरते यंत्र वापरावे लागले तरी वाढतो. रोहिणीच्या मापापेक्षा फुगा किंवा स्टेंट मोठा निवडला गेला, तर तो डॉक्टरांचा अंदाज चुकल्याने होणारा धोका. तारेचे टोक एखाद्या बारीक फांदीच्या शेवटाला टोचले, तरी छिद्र पडते.

एलिस यांनी त्याच वेळी केलेली प्रतवारी आजही वापरात आहे. पहिल्या प्रकारात भिंतीला खळगा पडतो, पण रक्त बाहेर येत नाही. दुसऱ्यात रक्त झिरपते आणि पडद्यावर डायचा डाग उमटतो. तिसऱ्यात एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या भोकातून रक्ताची धार लागते. पहिल्या प्रकारात बहुधा लक्ष ठेवणे पुरते. तिसऱ्यात जिवाला मोठा धोका असतो आणि हातात थोडीच मिनिटे असतात.

थोडे रक्त, मोठे संकट

पुष्कळांना वाटते, रक्त वाहून जाते म्हणून धोका असतो. खरे कारण निराळे आहे. हृदयाभोवती चिवट पडद्याची एक पिशवी असते. तिला हृदयावरण म्हणतात. निरोगी माणसाच्या या पिशवीत दोन-तीन चमचे द्रव असतो, हृदयाला वंगण म्हणून. पिशवीत आठवड्या-महिन्यांत हळूहळू पाणी साठले, तर ती सैलावत जाते आणि लिटरभरही सामावून घेते. पण काही मिनिटांत दीडशे-दोनशे मिलिलिटर, म्हणजे चहाच्या दीड-दोन कपांएवढे रक्त साठले, तर तिला ताणायला सवडच मिळत नाही. ती हृदयालाच दाबते. हृदय धडधडत असते, पण पसरू शकत नाही. पसरले नाही म्हणून भरत नाही आणि भरले नाही म्हणून पुढे ढकलायला रक्त उरत नाही. रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या या गळचेपीला डॉक्टर 'टॅम्पोनाड' म्हणतात.

म्हणून रोहिणी फाटल्यावर डॉक्टरांपुढे एकाच वेळी दोन कामे असतात. भोक बुजवायचे आणि हृदयाची गळचेपी सोडवायची.

माझ्या हातून घडलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या एका आजींची अँजिओप्लास्टी मी करीत होतो. वीस वर्षांचा मधुमेह, रोहिणीत बराच चुना. स्टेंट बसवला, पण मध्यभागी तो पुरता उघडला नव्हता. मी थोड्या मोठ्या मापाचा फुगा घेतला आणि दाब वाढवला. कमरेसारखा आवळलेला भाग एकदम सुटला. डाय सोडून पाहिले, तर स्टेंटच्या कडेने काळा धूर निघावा तसा डाय बाहेर पसरत होता. तिसरा प्रकार.

अशा वेळी पहिला नियम असा, की आत असलेली तार बाहेर काढायची नाही. तीच परत जाण्याची वाट. दुसरा नियम, फुगा त्याच जागी नेऊन हलक्या दाबाने फुगवायचा. फुटलेल्या नळावर आपण अंगठा दाबून धरतो, तसे हे आहे. गळती थांबते, तेवढा श्वास मिळतो. मात्र फुगा फुगलेला असेपर्यंत पुढचा रक्तपुरवठाही बंद राहतो, म्हणून छातीत कळ येते. मी म्हणालो, "आजी, आता छातीत दुखेल. मुद्दामच दुखवतोय. हलू नका." त्या म्हणाल्या, "दुखू दे लेकरा, पण डोळ्यांपुढं अंधारी येतीया."

रक्तदाब सत्तरवर आला होता. सहकाऱ्याने इको यंत्राची पट्टी छातीवर ठेवली. हृदयाभोवती रक्त साठलेले दिसले. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून लांब सुई हृदयावरणात घातली, तिच्यातून बारीक नळी सरकवली आणि रक्त ओढून काढले. दोनशे मिलिलिटर निघाल्यावर रक्तदाब शंभरवर गेला. नळी तशीच ठेवली, कारण गळती पूर्ण थांबेपर्यंत रक्त पुन्हा साठू शकते.

दहा मिनिटांनी फुगा सैल केला. गळती कमी झाली होती, थांबली नव्हती. तेव्हा आतून ठिगळ लावायचे ठरले. साधा स्टेंट जाळीदार असतो, त्यातून रक्त जातच राहते. यासाठी निराळा स्टेंट मिळतो. त्याच्या जाळीवर पातळ कृत्रिम पडदा ताणून बसवलेला असतो. त्याला आच्छादित स्टेंट म्हणतात. तो क्वचितच लागतो आणि महाग असतो, त्यामुळे सगळीकडे ठेवलेला नसतो. त्या दिवशी कपाटात दोन होते. त्यांतला एक मापाचा निघाला. जांघेतून दुसरी नळी घातली, म्हणजे एका नळीतला फुगा भोक दाबून धरील आणि दुसरीतून ठिगळ येईल. तो बसवला, फुगवला, डाय सोडला. धूर दिसला नाही.

राहिला प्रश्न रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा. अँजिओप्लास्टीत तारेवर गुठळी जमू नये म्हणून हेपॅरिन देतात. त्याच्यामुळेच गळती लवकर थांबत नाही. त्यावर प्रोटामिन हा उतारा आहे. पण तार आणि फुगा आत असताना घाईने उतारा दिला, तर त्यांच्यावरच गुठळी जमून रोहिणी बंद पडू शकते. म्हणून बहुधा आतले सामान काढल्यावर, विचार करूनच तो देतात. आजींना आम्ही तो शेवटी, थोड्या मात्रेत दिला.

या सगळ्याला तासाभराहून कमी वेळ लागला. इतके करूनही गळती थांबली नसती, तर छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागली असती. शल्यचिकित्सकांना पहिल्या पाच मिनिटांतच निरोप गेला होता. मदत शेवटी मागवून उपयोग नसतो.

बाहेर आलो. आजींचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. आतली धावपळ त्याने काचेतून पाहिली होती. मी त्याला सांगितले, "फुगा फुगवताना रोहिणी फाटली. माझ्या हातून फाटली. भोक बुजवले आहे, रक्त काढले आहे, पण आजची रात्र काळजीची आहे." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगितलंत, आता मला धीर धरता येईल." दुसऱ्या दिवशी नळीतून रक्त येणे थांबले. सहाव्या दिवशी आजी घरी गेल्या. मोठा फुगा घेण्याचा माझा निर्णय त्यानंतर मी अनेकदा मनात तपासला आहे. कडक, चुनायुक्त रोहिणीत थोडा अपुरा उघडलेला स्टेंट पुष्कळदा परवडतो, हा धडा मी तेव्हापासून पाळतो.

न बोललेली तक्रार

दुसरा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात रुग्णाची भूमिका होती. पन्नाशीतले एक शिक्षक. अँजिओप्लास्टी सुरळीत झाली, शेवटचे चित्र उत्तम. संध्याकाळी त्यांनी चहाही घेतला. रात्री नऊच्या सुमारास त्यांना छातीत जडपणा वाटू लागला. घाम आला, मळमळ झाली. त्यांना वाटले, पित्त असेल. सिस्टरना उगाच कशाला त्रास, म्हणून ते गप्प राहिले. साडेदहाला त्यांच्या पत्नीने तळहात हातात घेतला, तो गार लागला. त्या उठून थेट सिस्टरकडे गेल्या.

इको केला. हृदयाभोवती रक्त. तारेच्या टोकाने एका केसाएवढ्या फांदीला छिद्र पडले होते. चित्रात ते दिसलेही नव्हते. तास-दीड तासांत थेंब थेंब साठून गळचेपी सुरू झाली होती. सुईने रक्त काढले आणि पुन्हा कॅथलॅबमध्ये नेले. इतक्या बारीक फांदीत स्टेंट मावत नाही. तेथे फांदीचे टोकच बंद करतात. त्यासाठी धातूची सूक्ष्म गुंडाळी वापरतात, किंवा रुग्णाच्याच त्वचेखालील चरबीचा तिळाएवढा कण बारीक नळीतून नेऊन ठेवतात. आम्ही चरबी वापरली. गळती थांबली. शिक्षक बरे झाले, पण आणखी तासभर ते गप्प राहिले असते आणि पत्नीही झोपल्या असत्या, तर काय झाले असते, हे सांगायला नको.

मोठी फाट डॉक्टरांना पडद्यावर तत्काळ दिसते. बारीक छिद्र मात्र काही तासांनी, प्रसंगी दुसऱ्या दिवशीही, रुग्णाच्या तक्रारीतूनच कळते. तक्रार करणे हा त्रास देणे नव्हे. तो उपचाराचा भाग आहे.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय करावे?

१. संमतिपत्र आदल्या दिवशी मागून घ्या आणि वाचा. न कळलेल्या ओळीखाली रेघ मारून डॉक्टरांना विचारा.

२. "ही अँजिओप्लास्टी कशासाठी?" हा प्रश्न विचारायला संकोचू नका. हृदयविकाराचा झटका चालू असेल, तर प्रश्न नकोत, वेळ दवडू नका. तेथे अँजिओप्लास्टी जीव वाचवते. पण दुखणे जुने आणि स्थिर असेल, तर विचार करायला सवड असते. २००७ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, अशा स्थिर रुग्णांमध्ये औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्याने मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले नाही. छातीतले दुखणे कमी होण्यासाठी मात्र स्टेंटचा उपयोग होतो. मुख्य डाव्या रोहिणीत मोठा अडथळा असेल किंवा हृदय फार कमजोर असेल, तर गोष्ट वेगळी. आपला रुग्ण कोणत्या गटातला, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

३. रोहिणी कडक किंवा पूर्ण बंद आहे असे अँजिओग्राफीत आढळले असेल, तर विचारा: कॅथलॅबमध्ये इको यंत्र हाताशी असते का? आच्छादित स्टेंट ठेवलेला असतो का? गरज पडली तर शल्यचिकित्सक कोठून येणार? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

४. पूर्वी बायपास झाली असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कशाची ॲलर्जी असेल, तर न विचारता सांगा. दुधासारखे गढूळ दिसणारे इन्सुलिन घेत असाल, तर तेही सांगा. त्यात बहुधा प्रोटामिन असते आणि अशा रुग्णाला प्रोटामिनची इंजेक्शने क्वचित बाधू शकतात.

५. प्रक्रिया चालू असताना आपण जागे असता. छातीत, पाठीत दुखले, अंधारी आली, श्वास कोंडला, तर लगेच बोला. बोला, पण हलू नका.

६. त्या रात्री एक जाणता नातेवाईक जवळ असावा. छातीत जडपणा, घाम, मळमळ, चक्कर, अस्वस्थपणा, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले, तर सिस्टरना उठवा. घरी आल्यावर असे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

७. आच्छादित स्टेंट बसवलेला असेल, तर त्यात गुठळी जमण्याची शक्यता साध्या स्टेंटपेक्षा अधिक असते. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी आपल्या मनाने एक दिवसही चुकवू नका. दात काढण्यासाठीसुद्धा नाही. आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

८. डॉक्टर बाहेर येऊन दुसऱ्या सहीसाठी थांबले, तर गावाकडच्या सर्वांना फोन लावत बसू नका. निर्णय कोण घेणार, हे घरातून निघतानाच ठरवून ठेवा. आतली मिनिटे मोजकी असतात.

भगिनींना उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या पतींचे दुखणे चढ चढतानाच होते, म्हणजे बहुधा स्थिर आहे. औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का, आणि दुखणे तरीही राहिले आहे का, हे आधी विचारून घ्या. उत्तर पटले, तर सही जरूर करा. हजारातील पाचांची भीती बाळगून गरजेचा उपचार टाळणे शहाणपणाचे नाही. पण सही करण्याआधी ती ओळ डॉक्टरांपुढे मोठ्याने वाचा आणि विचारा, "असे झाले, तर आपण काय करता?" ज्या डॉक्टरांनी हा प्रसंग पाहिला आहे, ते थांबून, एकेक पायरी सांगून उत्तर देतील. "आमच्याकडे असे होतच नाही" असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हरकत नाही.

आणि त्या रात्री त्यांच्या उशाशी आपण स्वतः बसा. मधूनमधून हात हातात घेऊन पाहा.